गडगा हवा, गड नको: क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएसमधल्या वाइल्डकार्ड शोधाचं परीक्षण

कोकणातल्या जमिनीवर काम करणाऱ्याला नकाशाचं सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर मी समोर क्यूजीआयएस आणि मागे पोस्टजीआयएसचा डेटाबेस, ही जोडी सुचवते. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींचा कोड खुला आहे, पण माझं कारण ते नाही. माझं कारण शोध. आपल्याकडे नोंदी ज्या तऱ्हेने लिहिल्या जातात त्यांतून अर्ध्यामुर्ध्या माहितीवर नेमकी ओळ काढून देणारं साधन लागतं. ते इथे नावांसाठी आहे, आणि हद्दींसाठीही आहे. नावांचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. हद्दींचं फार कमी जण वापरतात, आणि खरा फायदा तिथेच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं काम राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यातलं. आंबा-काजूच्या बागांच्या हद्दी, विहिरी, झरे, पाणंदी नकाशावर आणायच्या आणि त्यांना मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, शेरा जोडायचा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर बाग नेमकी कुठे, कोणत्या गावात, हे नीट दाखवता यावं असं बागायतदारांनाही वाटू लागलेलं मी पाहते आहे. क्यूजीआयएसची सुरुवात गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केली. पोस्टजीआयएस त्याच्या एक वर्ष आधीचं, कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने बाहेर आणलेलं. इतकी वर्षं मुरलेली साधनं आहेत, हे वापरताना जाणवतं.

साध्या शोधापासून सांगते. रकान्याचं नाव दुहेरी अवतरणात, शोधायचा मजकूर एकेरी अवतरणात आणि दोघांच्या मध्ये 'लाईक'. टक्क्याचं चिन्ह म्हणजे तिथे काहीही चालेल, कितीही चालेल, काही नसलं तरी चालेल. अंडरस्कोर म्हणजे तिथे एक चिन्ह हवंच, ते कुठलंही असो. अशा 'काहीही चालेल' सांगणाऱ्या खुणा म्हणजे वाइल्डकार्ड. सिंधुदुर्गाच्या ८ तालुक्यांत '%वाडी' शोधलं की सावंतवाडी आणि वैभववाडी येतात. रत्नागिरीच्या ९ तालुक्यांत '%गड' शोधलं की एकटं मंडणगड.

तालुक्यांच्या यादीत हे सोपं वाटतं. शेऱ्याच्या रकान्यात उतरलं की खरी परीक्षा. समजा पडलेल्या गडग्यांच्या, म्हणजे बागेच्या हद्दीवर रचलेल्या दगडी कुंपणांच्या, नोंदी काढायच्या आहेत. '%गड%' टाकलं तर गडगा येतोच, पण त्यासोबत देवगड येतं, कणकवलीची गडनदी येते, आणि 'जांभा दगड'सुद्धा येतो, कारण दगडातही गड आहेच. टक्का दोन्ही बाजूंना लावला की तो शब्दाची सुरुवात-शेवट ओळखत नाही. चिन्हांची ती ओळ कुठेही सापडली की नोंद उचलतो. '%गडग%' केलं की गडगा, गडगे, गडग्याला हे तिन्ही एका नमुन्यात बसतात आणि दगड गळतो. पावसाळ्यातल्या शेऱ्यांत 'गडगडाट' असेल तर तो तरीही शिरतो. तोही नको असेल तर लाईक सोडून रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुना जास्त बारकाईने सांगायची भाषा, घ्यावं: 'गडग'च्या पुढे चौकटी कंसात काना, मात्रा आणि हलन्त एवढीच चिन्हं चालतील असं सांगायचं. पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे पोस्टजीआयएस ज्याच्यावर चालतं त्या डेटाबेसमध्ये, आणि क्यूजीआयएसच्या एक्स्प्रेशनमध्येही त्यासाठी लहरी रेघेची खूण आहे. नमुना जितका मोकळा तितकी यादी लांब, आणि लांब यादी हाताने तपासायला बसलात तर सॉफ्टवेअरचा उपयोग काय?

सर्व्हे नंबरांसाठी तर टक्क्याला पर्याय नाही. कोकणात एका सर्व्हे नंबराचे हिस्से इतके की ११२ ची जमीन म्हणजे ११२/१, ११२/१अ, ११२/२ अशी रांग. '११२%' लिहिलं तर ११२० आणि ११२५ देखील येऊन बसतात. '११२/%' लिहिलं की फक्त हिस्से. ही तिरकी रेघ विसरू नका. शिवाय देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे डेटाबेसच्या लेखी वेगवेगळी चिन्हं आहेत. एका तलाठी सजातल्या नोंदी देवनागरीत आणि शेजारच्या इंग्रजी आकड्यांत भरलेल्या असतील तर कुठलाही वाइल्डकार्ड त्यांना एकत्र आणणार नाही. पोस्टग्रेसचं 'ट्रान्सलेट' हे फंक्शन वापरून आधी सगळे आकडे एका लिपीत आणावेत, मग शोधावं.

आता अंडरस्कोर. देवनागरीत तो इतका उपयोगी पडतो की मराठी नोंदींवर काम करणाऱ्याने तो आधी शिकावा, टक्का नंतर. तो आपण डोळ्यांनी वाचतो ते अक्षर मोजत नाही, युनिकोडचं एक चिन्ह मोजतो. काना वेगळं चिन्ह, मात्रा वेगळं, अनुस्वार वेगळं, हलन्तही वेगळं. 'वेंगुर्ला' वाचताना तीन अक्षरं. डेटाबेसला लांबी विचारली तर तो ९ सांगतो. त्यामुळे चार अंडरस्कोर देऊन गावं मागितली तर वारे, नाटे, रेडी येतात आणि त्यांच्याच रांगेत पावसही येतं. आरे मात्र येत नाही, कारण स्वतंत्र 'आ' हे एकच चिन्ह, म्हणून आरे तीन चिन्हांचं. ज्यांना हे माहीत नाही ते सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नाही म्हणून मोकळे होतात. त्याला कळतं, फक्त तो तुकड्यांत मोजतो.

हेच तुकडे आपल्या कामाला येतात. आपल्याकडे गावांच्या नावांचं शुद्धलेखन प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक पाटीवर वेगळं. वेंगुर्ला लिहा की वेंगुर्ले, 'वेंगुर्ल_' दोन्ही पकडतो, कारण फरक फक्त शेवटच्या कान्या-मात्रेचा. 'हर्ण_' हर्णै आणि हर्णे दोन्ही देतो. 'मुर_ड' म्हणजे मुरूड आणि मुरुड. 'गणपत_पुळे' म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या वादात न पडता दोन्ही. 'दाभो_' टाका, शेवटी ळ असो की ल. आंजर्ले आणि अंजर्ले यांच्यासाठी पहिल्याच जागी अंडरस्कोर. इंग्रजीतल्या रकान्यातही हा उपयोगी पडतो: देवगडचं स्पेलिंग कुणी व्ही घालून करतं, कुणी ओ घालून; तिसऱ्या जागी अंडरस्कोर ठेवला की दोन्ही सापडतात. एवढी शिस्तीची सवलत टक्का देत नाही. 'वेंगुर्ल%' केलं तर 'वेंगुर्ला रोड'सुद्धा आत येतो.

एक जागा मात्र अंडरस्कोरच्याही हाताबाहेरची आहे, ती म्हणजे आपला ऱ्य. झऱ्यांच्या नोंदी शोधणाऱ्याने हे नीट वाचावं. 'झऱ्याजवळ' हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसत असला तरी आत दोन-तीन तऱ्हांनी साठवलेला असतो. कुणाच्या कीबोर्डवरून ऱ हे एकसंध चिन्ह येतं, कुणाकडून र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, तर कुणाकडून र, हलन्त आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पहिल्या दोहोंचा मेळ पोस्टग्रेसच्या 'नॉर्मलाइझ' फंक्शनने बसतो. ते १३ व्या आवृत्तीपासून आलं. तिसऱ्या तऱ्हेला ते हात लावत नाही, कारण ते अदृश्य चिन्ह, ज्याचा क्रमांक ८२०५, नॉर्मलायझेशनमध्ये तसंच राहतं. ते नुसतं पुसून टाकणं हाही उपाय नव्हे. पुसलं की ऱ्याचा र्या होतो, रफार वर चढतो. र, हलन्त आणि ८२०५ या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असं बदलून घ्यावं. तोवर हातघाईला 'झ%याजवळ' चालवून घ्या, तिन्ही तऱ्हा सापडतात. हाच घोळ शेवटच्या मोकळ्या जागेचा. नावापुढे नकळत एक स्पेस पडली असेल तर '%वाडी' ती वाडी शोधून देणार नाही, म्हणून 'ट्रिम' करून मगच शोध लावावा.

रिकाम्या नोंदींचं थोडक्यात. मालकाचं नाव मुळात भरलेलंच नसेल, म्हणजे त्या जागी नल असेल, तर नुसता '%' देऊनही ती बाग यादीत येत नाही. 'नॉट लाईक' लिहिलं तरी येत नाही. ज्या बागेची माहिती अपुरी, नेमकी तीच दोन्ही याद्यांतून नाहीशी होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अपुरी माहिती असलेल्या बागा बहुधा परगावी राहणाऱ्यांच्या किंवा सामाईक मालकीच्या असतात. 'कोअलेस' लावून नलच्या जागी रिकामा मजकूर धरावा.

क्यूजीआयएसबद्दल माझी तक्रार एकच आहे, ती मोठी आहे. त्यात शोधाच्या दोन खिडक्या आहेत, दोन्हींत लाईक चालतं, पण दोन्हींच्या मागे वेगळी यंत्रं आहेत. 'सिलेक्ट बाय एक्स्प्रेशन' क्यूजीआयएस स्वतःच्या नियमांनी सोडवतं. थराला (लेयरला) फिल्टर लावलात तर तो मजकूर जसाच्या तसा मागच्या साठवणीकडे जातो: पोस्टजीआयएस असेल तर पोस्टग्रेसकडे, जिओपॅकेज हा फाइलप्रकार असेल तर एसक्यूलाइट या डेटाबेसकडे, शेपफाइल हा फाइलप्रकार असेल तर जीडाल या ग्रंथालयाच्या (तयार कोडच्या संचाच्या) ओजीआर भाषेकडे. पोस्टग्रेसचं लाईक इंग्रजी लहान-मोठ्या लिपीत भेद करतं, त्याला भेद नको असेल तर 'आयलाईक'. एसक्यूलाइटचं लाईक इंग्रजी अक्षरांत मुळातच भेद करत नाही. ओजीआरचं जीडाल ३.१ च्या आधी करत नव्हतं, त्यानंतर करू लागलं. देवनागरीला लहान-मोठी लिपी नाही म्हणून मराठी रकान्यांत याची झळ लागत नाही, पण इंग्रजी नावांचा रकाना असेल तर तोच नमुना तीन ठिकाणी वेगवेगळ्या याद्या देऊ शकतो. लहरी रेघेचं रेग्युलर एक्स्प्रेशनही शेपफाइलच्या फिल्टरमध्ये चालत नाही. खिडकीवर एका ओळीत लिहिलेलं असावं की हा शोध कोण सोडवणार आहे. नवख्या माणसाचे कितीतरी तास वाचतील.

शेपफाइलचा विषय निघालाच आहे तर सांगते: मराठीसाठी ती सोडा. तिच्या मजकुराच्या रकान्यात २५४ बाइट मावतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८४ चिन्हांवर शेरा कापला जातो. रकान्याच्या नावाला १० बाइट, म्हणजे देवनागरीत तीन चिन्हं. जिओपॅकेजमध्ये हा जाच नाही.

वाइल्डकार्डच्या खुणा सगळीकडे सारख्या नसतात, हेही ध्यानात ठेवावं. ईएसआरआयच्या जुन्या पर्सनल जिओडेटाबेसमध्ये टक्क्याच्या जागी तारा आणि अंडरस्कोरच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. त्याच कंपनीच्या फाइल जिओडेटाबेसमध्ये टक्का आणि अंडरस्कोर. ओजीसी या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या फिल्टर मानकात तर खूण कोणती हे मागणाऱ्यानेच सांगायचं असतं: अनेकांसाठी हे चिन्ह, एकासाठी हे, आणि ते चिन्हच मजकुरात हवं असेल तर त्याच्याआधी हे. मला ही पद्धत मनापासून आवडते, गृहीत काही धरलेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून माहिती काढायची ओव्हरपास भाषा टक्का ओळखतच नाही, तिथे सरळ रेग्युलर एक्स्प्रेशन, आणि शेवट दाखवायला डॉलरचं चिन्ह. तिथली एक सोय बाकी कुठे मला दिसली नाही: नमुना फक्त मूल्याला नाही, रकान्याच्या नावालाही लावता येतो. 'नाव' (तिथे इंग्रजीत 'नेम') हा शब्द ज्यांत आहे ते सगळे टॅग, मराठी, इंग्रजी, जुनं नाव, एकाच फटक्यात धुंडाळता येतात. फक्त आधी चौकट घालून क्षेत्र मर्यादित करा.

चौकटीची गरज नावांनीच शिकवली आहे. आरवली शोधलं तर दोन येतात: एक संगमेश्वर तालुक्यातली, गरम पाण्याच्या कुंडांची, दुसरी वेंगुर्ल्याची, वेतोबाची. वाइल्डकार्ड लावा, न लावा, नाव दोन्हींचं तेच. तालुक्याच्या हद्दीच्या आत असण्याची अट जोडली की प्रश्न मिटतो. शिवाय सुरुवातीलाच टक्का असेल तर नावाच्या साध्या इंडेक्सचा, म्हणजे डेटाबेसने आधीच करून ठेवलेल्या सूचीचा, काही उपयोग होत नाही, सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. जागेची अट सोबत असली की डेटाबेस भूमितीच्या इंडेक्सवरून बहुतेक गावं आधीच बाजूला करू शकतो.

आता हद्दींकडे येते. मिठबावच्या बाजूच्या एका वयस्क बागायतदारांनी मला विचारलं होतं, "बाय, माझ्या गडग्याक कोणाकोणाच्यो बागो लागतत, ता सांग गो." कारण वणव्याचं. फाल्गुन-चैत्रात सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका बागेतली आग गडग्यावरून दुसरीत जाते. गडग्याच्या दोन्ही अंगांचं गवत सगळ्यांनी मिळून वेळेत काढलं तर ती थांबते. म्हणजे त्यांना हव्या होत्या त्या बागा ज्यांची हद्द त्यांच्या हद्दीला लांबीने लागते. कोपऱ्याला कोपरा टेकणाऱ्या नव्हेत, आणि पाणंदीपलीकडच्याही नव्हेत.

नेहमीचं 'टचेस' फंक्शन इथे अपुरं पडतं. ते कोपरा टेकला तरी हो म्हणतं आणि गडगा लागला तरी हो म्हणतं. इथे कामाला येतं 'रिलेट', आणि त्यातला तारा. त्यामागची कल्पना मॅक्स एगेनहोफर आणि एलिसेओ क्लेमेंतिनी यांच्यासारख्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. प्रत्येक आकृतीचे तीन भाग धरायचे: आतली जागा, हद्दीची रेघ, बाहेरची जागा. दोन आकृत्या समोरासमोर ठेवल्या की तीन गुणिले तीन, ९ घरांचा तक्ता होतो. प्रत्येक घरात लिहायचं की हे दोन भाग एकमेकांना छेदतात का आणि छेद कसा आहे: इंग्रजी एफ म्हणजे छेद नाही, शून्य म्हणजे बिंदू, एक म्हणजे रेघ, दोन म्हणजे क्षेत्र, टी म्हणजे काहीतरी छेद आहे. आणि तारा म्हणजे या घरात काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. लाईकमधला टक्का जे मजकुरासाठी करतो ते इथला तारा दोन जमिनींच्या नात्यासाठी करतो, पण टक्क्यापेक्षा पक्का: घरं नऊच, एका ताऱ्याला एकच घर.

बागायतदारांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नमुना असा होतो: पहिल्या घरात एफ, कारण बागा एकमेकींच्या आत शिरलेल्या नकोत, पाचव्या घरात एक, कारण हद्दीला हद्द रेघेने लागायला हवी, बाकी सात घरांत तारे. पाचव्या घरातला एक काढून शून्य ठेवलं की फक्त कोपऱ्याला टेकणाऱ्या बागा मिळतात. एका अंकाचा बदल, आणि प्रश्नच वेगळा. क्यूजीआयएसच्या एक्स्प्रेशनमध्येही 'रिलेट' आहे, तोच नऊ चिन्हांचा नमुना तिथे चालतो. दोन्हीकडे भूमितीचं गणित जिऑस हे एकच ग्रंथालय करतं, त्यामुळे वर सांगितलेला खिडक्यांचा घोळ इथे नाही.

वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पोस्टजीआयएसमधलं 'रिलेट' आपणहून इंडेक्स वापरत नाही, म्हणून त्याच्याआधी दोन आकृत्यांच्या चौकटी एकमेकींना लागतात का, ही दोन अँपरसँडची अट लिहावी. नाहीतर प्रत्येक बाग प्रत्येक बागेशी ताडली जाते. दुसरी गोष्ट हद्दी काढण्याची. दोन शेजाऱ्यांच्या हद्दी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रेघेने काढल्या असतील तर मध्ये वीतभर फट तरी राहते किंवा वीतभर आक्रमण तरी होतं. फट असेल तर पाचव्या घरात रेघ नाही. आक्रमण असेल तर पहिल्या घरात एफ नाही. जमिनीवर गडगा एकच उभा असतो आणि नकाशावर शेजारी नाहीसा होतो. क्यूजीआयएसमध्ये स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या जुन्या बिंदूला चिकटवणारी सोय) चालू ठेवा, सामाईक हद्द ट्रेसिंगने जुन्या रेघेवरूनच ओढा आणि नव्या बहुभुजाने जुन्यावर चढू नये हा पर्याय निवडा. हे पहिल्या बागेपासून केलं तरच पुढचा नमुना खरं बोलतो. आधीच काढलेल्या हद्दींसाठी 'डीविदिन', म्हणजे दोन आकृत्या ठरावीक अंतराच्या आत आहेत का हे पाहणारं फंक्शन, घेऊन एखादा मीटर सूट देता येते, पण मग कोपरा आणि गडगा यांतला फरक हातातून जातो. पाणंदीपलीकडचे शेजारी हवे असतील तेव्हा मात्र 'डीविदिन'च योग्य. मीटरमध्ये मोजण्यासाठी थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर विभागात आणलेला असावा. सगळा कोकण त्यात बसतो.

किंमत शून्य असली तरी शिकण्याला वेळ लागतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्यांच्याकडे एकाच गावाची माहिती आहे त्यांनी पोस्टजीआयएस बसवायच्या फंदात पडू नये. क्यूजीआयएस आणि एक जिओपॅकेज पुरेसं आहे, लाईक आणि रिलेट दोन्ही तिथेच मिळतात. तालुकाभर काम असेल, दोघे-तिघे एकाच वेळी नोंदी भरणार असतील, तर पोस्टजीआयएस घ्याच. इंग्रजी मार्गदर्शिका उत्तम आहेत, पण देवनागरीत अंडरस्कोर काय मोजतो हे त्यांत सापडणार नाही. ते इथे सविस्तर लिहिलं ते त्यासाठीच.

मिठबावच्या त्या बागायतदारांना मी शेजाऱ्यांच्या नावांची यादी दिली, आणि प्रत्येक नावापुढे सामाईक गडग्याची लांबी मीटरमध्ये. रिलेटने निवडलेल्या जोड्यांच्या छेदाची लांबी मोजली की ती येते. गवत काढायची मजुरी त्यांनी त्या लांबीच्या हिशोबाने आपसांत वाटून घेतली.